मद्यपान व मानसिक कार्यक्षमता (सातारा–सांगली)

मद्यार्क हा मध्यवर्ती तंत्रिका तंत्राचा अवसादक होय. अल्प मात्रेत तो प्रथम संयम व निर्णयशक्ती शिथिल करतो. त्यामुळे बुद्धी तल्लख झाल्याचा आभास होतो. एमील क्रेपेलीन या जर्मन मानसोपचारज्ञाने १८९२ मध्ये हा भेद प्रयोगांनी दाखविला : मद्याने हालचालींना प्रारंभी चालना मिळते, आकलन मात्र मंदावते.

नाना पाटील यांच्या नेतृत्वाखालील साताऱ्याच्या प्रतिसरकारने (१९४३–४६) गावोगावी न्यायदानाबरोबर दारूबंदीही अंमलात आणली. त्याचे प्रमुख केंद्र कुंडल आज सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात मोडते. राज्याच्या २००१ च्या धोरणानंतर त्याच तालुक्यात द्राक्षमद्य उद्यान स्थापन झाले. परिमित मद्यपान निरुपद्रवी असते, हा समज मात्र टिकलेला नाही; कोणतीही मात्रा निर्धोक नसल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले.