प्रतिध्वनीची जमाबंदी

ऑस्कर सुंड यांनी लोफोटेनच्या समुद्रातील कॉड माशांचा थर प्रतिध्वनीच्या साहाय्याने कागदावर उमटवून १९३५ साली प्रसिद्ध केला, आणि मत्स्यधनाची मोजदाद जमाबंदीच्या पाहणीप्रमाणे करण्याचा मार्ग खुला झाला. परंतु १९४२ मध्ये कॅलिफोर्नियालगत युद्धकालीन संशोधकांना आढळलेला गूढ ध्वनिपरावर्तक थर सायंकाळी वर चढतो व उजाडताच उतरतो, हे मार्टिन जॉन्सन यांनी १९४५ मध्ये दाखविले. असाच नित्यक्रम पाळणाऱ्या हेरिंग माशाची गणती त्यामुळे अवघड होते. हेरिंग दिवसा तळाशी दाटला, की त्याचा प्रतिध्वनी तळाच्या प्रतिध्वनीत लोपतो. रात्री तो पृष्ठभागालगत विखुरला, की जहाजाखालील यंत्राच्याही वर राहून गणतीतून निसटतो. शिवाय खोल उतरताना त्याचा वाताशय दाबाने आकुंचन पावत असल्याने तोच मासा क्षीण प्रतिध्वनी देतो.