कोबा : घाणीच्या चुन्यापासून समृद्धी महामार्गापर्यंत

चुना किंवा सिमेंट, वाळू आणि खडी यांचा थर ठोकून-घोटून केलेल्या जमिनीला कोबा म्हणतात. बुलढाणा जिल्ह्यात त्याचा पहिला शत्रू खालीच असतो. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून ती उकरून मुरूम भरावा लागतो. तो नीट दबला नसेल, तर वरची घोटाई वाया जाते.

याच जिल्ह्यातल्या लोणारच्या दैत्यसूदन मंदिराचे दगड चुन्याविना सांधलेले आहेत. १६२९ मध्ये मारले गेलेल्या लखुजी जाधवरावांची सिंदखेड राजातील समाधी मात्र चुनेगच्ची बांधकामाच्या काळातली. चुन्यासाठी फार लांब जावे लागत नसे, कारण काळ्या मातीतच चुनखडीचे खडे सापडतात. ते भाजून, विझवून, वाळू किंवा सुर्खीसह (विटांच्या पुडीसह) बैलांच्या घाणीत मळत. खड्यांतल्या चिकणमातीच्या अंशामुळे असा चुना ओलाव्यातही आवळतो. सुर्खीचेही काम तेच. गूळ आणि हिरड्याचे पाणीही मिसळले जाई. पसरलेला थर मग दिवसचे दिवस धुम्मसाने चोपत. ठोके बसतील तशी पोकळी दाबली जाई, भेगा मिटत आणि शेवटी निरू (बारीक गाळलेला चुना) लावून तो गुळगुळीत घोटला जाई.

पोरबंदरच्या कारखान्यात १९१४ पासून सिमेंट तयार होऊ लागले. पुढे सिमेंट गावोगाव पोहोचले, तसे आठवड्यांचे काम दिवसांवर आले आणि चोपणे सुटले. त्या जागी पाणी आले. पातळ माल पसरायला सोपा, पण जास्तीचे पाणी उडून गेले की मागे छिद्रे राहतात. पाणी आणि सिमेंटच्या प्रमाणावर काँक्रीटची ताकद ठरते, हे डफ अब्राम्सने १९१८ मध्येच मांडले होते. वर सुटलेल्या पाण्यावर कोरडे सिमेंट भुरभुरून घोटण्याची सवय तर आणखी घातक: दिवसभर चकाकणारा पृष्ठभाग पुढे पापुद्र्यांनी सुटतो. पाणी जिरेपर्यंत थांबून मगच थापी फिरवणारा गवंडी हळू वाटतो, पण कोबा त्याचाच टिकतो.

मालात पाणी कमी हवे, पण तो आवळल्यावर मात्र ओलावा हवाच. भारतीय मानक ४५६ प्रमाणे साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, कोरड्या उष्ण हवेत १० दिवस पाणी मारावे लागते. विदर्भाच्या उन्हाळ्यात दुसरा आकडाच धरावा.

मेहकर व सिंदखेड राजा तालुक्यांतून जाणारा काँक्रीटचा समृद्धी महामार्ग ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी खुला झाला. अशा रस्त्यावर धुम्मसाचे काम पेव्हर यंत्राचे कंपन करते. भेगा कुठे पडाव्यात हे आधीच ठरवून सांधे कापले जातात. घोटाई मात्र उलटी होते: टायर घसरू नये म्हणून ओल्या पृष्ठभागावर बारीक चऱ्या ओढल्या जातात.