सहा जहाजं आणि तीन आठवडे

१३ ऑक्टोबर १७४६ रोजी मद्राससमोरचा समुद्र दिवसभर शांत होता. मध्यरात्री वादळ उठलं. पहाटे किल्ल्यावरून पाहिलं, तर नांगरलेल्या सहा फ्रेंच जहाजांपैकी एकही नजरेस पडेना. ‘ड्यूक दॉर्लेआँ’ तळाशी गेलं होतं, सत्तर तोफांच्या ‘अशील’च्या डोलकाठ्या मोडल्या होत्या आणि सुमारे १,२०० माणसं समुद्राने घेतली होती. मॉरिशसचा गव्हर्नर ला बूर्दोने याने हे आरमार जिद्दीने उभारलं होतं. त्यातली बरीचशी फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीची व्यापारी जहाजं, तोफा चढवून लढाऊ केलेली. या किनाऱ्यावरच्या पहिल्याच मोहिमेत त्यांनी २१ सप्टेंबरला इंग्रजांकडून मद्रास घेतलं आणि तीन आठवड्यांत आरमाराचा कणा मोडला. स्वीडनची ‘वासा’ युद्धनौका १६२८ साली पहिल्याच सफरीत बुडाली ती बांधणीच्या दोषाने. इथे जहाजं धड होती. वादळाच्या माथी सगळं मारणं सोपं आहे; मला दोष त्या तीन आठवड्यांचा वाटतो.

नारळी पौर्णिमा झाली की कोकणात दर्या खुला होतो. मद्रासच्या कोरोमंडल किनाऱ्याचं गणित उलटं. आपल्याकडे समुद्र निवळतो त्या आश्विन-कार्तिकात तिथे ईशान्य मोसमी वारे आणि चक्रीवादळं येतात. त्यात मद्रासला बंदरच नव्हतं. जहाजं दूर उघड्या समुद्रात उभी राहत आणि माणसं, माल मसुला होड्यांतून किनाऱ्याला येई. या होड्यांच्या फळ्या काथ्याने शिवलेल्या, खिळा एकही नाही. लाट आदळली की होडी लवे, फुटत नसे. त्या समुद्राची जाण त्या शिवणीतच आहे. ऑक्टोबरच्या मध्याच्या आत निघायला हवं, हे ला बूर्दोनेलाही ठाऊक होतं. पण त्याने अकरा लाख पागोडे खंडणी घेऊन शहर परत देण्याचं कबूल केलं होतं, आणि पाँडिचेरीचा गव्हर्नर डुप्लेला शहर हातचं जाऊ द्यायचं नव्हतं. दोघांच्या भांडणात हातातले दिवस गेले.

यावर कुणी म्हणेल, वादळ तारीख पाहून येत नाही. एप्रिल १७४९ मध्ये इंग्रजांची ‘नामूर’ कडलूरजवळ भर उन्हाळ्यात पाचशेहून अधिक माणसांसह बुडाली, ती कुणाच्या भांडणाने? आक्षेप रास्त आहे. उघड्या समुद्रात धोका बारमाही असतो. पण ऑक्टोबरात तो कितीतरी वाढतो, आणि शहर हाती आल्यावर तिथे थांबण्याची लष्करी गरज उरली नव्हती. इंग्रजांचं आरमार तर केव्हाच बंगालकडे निघून गेलं होतं. बंदर असतं तर जहाजं वाचली असती, हेही मला पटत नाही. १८८१च्या नोव्हेंबरातल्या चक्रीवादळाने मद्रासच्या नव्या बंदराच्या भिंतीसुद्धा फोडल्या. त्या किनाऱ्यावर खरा आसरा एकच, वेळेत निघणं. चक्रीवादळाचा इशारा आला की चेन्नई बंदरातून आजही जहाजं खोल समुद्रात पाठवली जातात.