घरगुती व्हॅक्यूम क्लीनर

घरगुती व्हॅक्यूम क्लीनर हे विजेच्या मोटारीवर चालणारे आणि हवेच्या ओढीने धूळ, केस, तंतू व बारीक कचरा शोषून घेणारे स्वच्छतेचे यंत्र आहे. 'व्हॅक्यूम' म्हणजे निर्वात. तथापि यंत्रात पूर्ण निर्वात कधीच निर्माण होत नाही. आतील हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो, त्यामुळे बाहेरची हवा वेगाने आत शिरते व आपल्याबरोबर धूळ घेऊन येते. गालिच्यांचा वापर मोठा असलेल्या पाश्चात्त्य घरांसाठी हे यंत्र विकसित झाले. महाराष्ट्रातील बहुतेक घरांत जमीन फरशीची असल्याने येथे त्याचा खरा उपयोग गाद्या, सोफे, पडदे, पंखे आणि फडताळांच्या माथ्यांसाठी होतो. यंत्राची विश्वासार्हता त्याच्या वॅटच्या आकड्यापेक्षा गाळणी, सांध्यांचा घट्टपणा आणि सुट्या भागांची उपलब्धता यांवर अधिक अवलंबून असते.

रचना व कार्य

यंत्राचे प्रमुख भाग म्हणजे मोटार, तिच्या दांड्यावरील पंखा, धूळ साठविण्याची पिशवी किंवा डबा, गाळण्या, लवचीक नळी, कांडी आणि निरनिराळी तोंडे. नळीतून आलेली हवा प्रथम पिशवीतून किंवा डब्यातून जाते, नंतर मोटारीच्या संरक्षणासाठी बसविलेल्या गाळणीतून, आणि शेवटी बाहेर पडणाऱ्या वाटेवरील गाळणीतून खोलीत परतते. अनेक साध्या यंत्रांत हीच हवा मोटारीला थंडही ठेवते. त्यामुळे पिशवी भरली किंवा गाळणी चोंदली की ओढ कमी होते आणि मोटारही तापते. ओले व कोरडे दोन्ही शोषणाऱ्या यंत्रांत मात्र मोटार थंड करणाऱ्या हवेची वाट वेगळी असते.

स्वस्त व मध्यम किमतीच्या यंत्रांतील मोटारीत कार्बन ब्रश असतात. ते झिजतात व बदलता येतात. दुरुस्तीच्या दुकानांत त्यांना नुसते 'कार्बन' म्हणतात. बॅटरीवरील अनेक नव्या यंत्रांत ब्रशविरहित मोटार वापरली जाते.

इतिहास

इंग्लंडमधील अभियंता ह्यूबर्ट सेसिल बूथ याने १९०१ मध्ये हवेच्या ओढीवर चालणारे यंत्र तयार केले. त्याचे आरंभीचे यंत्र घोडागाडीवरून नेले जाई. ते रस्त्यावर उभे करून खिडकीतून लांब नळ्या घरात सोडल्या जात. अमेरिकेतील ओहायो राज्यात झाडलोटीचे काम करणारा जेम्स मरे स्पँगलर हा दम्याचा रुग्ण होता. त्याने हातात धरून चालविता येईल असे विजेवरचे यंत्र बनविले व १९०८ मध्ये त्याचे पेटंट मिळविले. ते पुढे हूवर यांच्या कंपनीने बाजारात आणले. स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्स कंपनीने १९२१ मध्ये जमिनीवर घसरत चालणारे आडवे यंत्र काढले. ब्रिटिश संशोधक जेम्स डायसन यांनी पिशवीऐवजी हवेच्या भोवऱ्याने धूळ वेगळी करणाऱ्या यंत्रासाठी ५,१२७ नमुने केले. २००२ मध्ये आयरोबोट कंपनीचा 'रूंबा' हा स्वयंचलित सफाई-यंत्रमानव विक्रीस आला.

भारतात घराघरांत जाऊन व्हॅक्यूम क्लीनर विकण्याची पद्धत रूढ केली ती मुंबईच्या युरेका फोर्ब्स कंपनीने. टाटा समूहातील फोर्ब्स आणि स्वीडनची इलेक्ट्रोलक्स यांच्या भागीदारीतून ती १९८२ मध्ये उभी राहिली. 'युरोक्लीन' हे तिच्या यंत्राचे नाव मध्यमवर्गीय घरांत परिचित झाले. विक्रेत्याने घरी येऊन गादीतून निघालेली धूळ समोर दाखविणे हा अशा विक्रीचा ठरलेला भाग असे. हे प्रात्यक्षिक प्रभावी असले तरी त्यातून दोन यंत्रांची तुलना होत नाही. न झाडलेल्या गादीतून कोणतेही चालू स्थितीतील यंत्र धूळ काढतेच.

प्रकार

• आडवे किंवा डब्याचे यंत्र : नळी लांब, किंमत मध्यम. गाद्या, पडदे व उंच जागांसाठी सोयीचे.
• उभे यंत्र : मोठ्या गालिच्यांसाठी योग्य. फरशीच्या घरात त्याचा विशेष लाभ नाही.
• ओले-कोरडे पिंप : सांडलेले पाणीही शोषते. आकाराने मोठे व आवाजाने कर्कश. पाणी ओढण्यापूर्वी कोरड्या धुळीची पिशवी व कागदी गाळणी काढावी लागते.
• बॅटरीवरील कांडी-यंत्र : हलके व पटकन हाती घेता येणारे. बॅटरीचे आयुष्य हीच त्याची मर्यादा.
• हातात मावणारे छोटे यंत्र : मोटारगाडी, सोफ्याचे कोपरे, खिडक्यांच्या खाचा यांसाठी.
• यंत्रमानव : सपाट फरशीवर आपोआप फिरतो. जुन्या घरांतील उंच उंबरठे त्याला ओलांडता येत नाहीत, आणि गादी वा पंखा त्याच्या आवाक्याबाहेर असतो.

खान्देशातील परिस्थिती

जळगाव जिल्ह्यातील जामनेर तालुक्यासारख्या भागात धुळीचे स्वरूप शहरातील धुळीहून वेगळे असते. येथील काळ्या कापूस-जमिनीत चिकणमातीचे प्रमाण मोठे असून तिचे कण २ मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. मिलिमीटरचे हजार भाग केल्यास त्यातील एक म्हणजे मायक्रॉन. एप्रिल-मेमध्ये शेते उघडी असतात, तापमान ४५ अंशांच्या आसपास जाते आणि कूलरसाठी खिडक्या उघड्या ठेवाव्या लागतात. वाऱ्याबरोबर ही माती घरात येते. साध्या कापडी पिशवीतून असे कण आरपार जाऊन पुन्हा खोलीत पसरतात. म्हणजे जमिनीवरची धूळ यंत्र हवेत मिसळून देते.

दुसरी गोष्ट कापसाची. वेचणीनंतर भाव मिळेपर्यंत कापूस घरातच साठविण्याची रीत अनेक शेतकरी कुटुंबांत आहे. त्याचे तंतू फिरत्या ब्रशभोवती गुंडाळले जातात व गाळणी लवकर चोंदवितात. अशा घरासाठी फिरत्या ब्रशापेक्षा साधे तोंड असलेले, मोठ्या पिशवीचे यंत्र सोयीचे ठरते. फिरता ब्रश असल्यास तो हाताने बाहेर काढून स्वच्छ करता येतो की नाही, हे पाहावे लागते.

मराठी घरात लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणून तिची पूजा करतात. फरशीवरच्या रोजच्या केरासाठी केरसुणी व ओले फडके आजही पुरेसे आहे. उंबरठ्याशी सांडलेली रांगोळी किंवा अंगणातला पाला यांसाठी यंत्राची गरज नसते. घरात गालिचा नसेल, गाद्या उन्हात घालण्यास गच्ची किंवा अंगण असेल आणि कुणाला धुळीचा त्रास नसेल, तर यंत्र न घेणे हाही विचारपूर्वक घेतलेला निर्णय होऊ शकतो.

निवडीचे निकष

वॅट आणि प्रत्यक्ष ओढ. खोक्यावरील वॅटचा आकडा यंत्र किती वीज घेते हे सांगतो. किती स्वच्छता करते हे सांगत नाही. ओढीचा दाब किलोपास्कलमध्ये आणि हवेचा प्रवाह दर सेकंदाला लिटरमध्ये मोजतात. या दोहोंचा एकाच वेळचा गुणाकार म्हणजे उपयोगी शक्ती. तिला 'एअर वॅट' म्हणतात. जाहिरातीत दिलेला सर्वाधिक दाब नळीचे तोंड पूर्ण बंद असतानाचा असतो, तेव्हा प्रवाह शून्य असतो. सर्वाधिक प्रवाह तोंड मोकळे असतानाचा असतो, तेव्हा ओढ जवळजवळ नसते. म्हणून केवळ एका आकड्यावरून यंत्राची पारख होत नाही.

युरोपीय संघाने घरगुती यंत्रांची वीजमर्यादा सप्टेंबर २०१४ पासून १,६०० वॅटपेक्षा कमी आणि सप्टेंबर २०१७ पासून ९०० वॅटपेक्षा कमी केली. कमी विजेत चांगली सफाई होऊ शकते, हे त्यामागचे गृहीत होते. तेथील ऊर्जा-दर्जाचे लेबल मात्र २०१८ मध्ये न्यायालयाने रद्द ठरविले, कारण त्याची चाचणी रिकाम्या पिशवीने घेतली जात होती. भरत आलेल्या पिशवीने यंत्र कसे चालते हा प्रश्न ग्राहकासाठी अधिक महत्त्वाचा आहे.

गाळणी आणि सांधे. 'हेपा' दर्जाच्या गाळणीची अमेरिकेतील व्याख्या ०.३ मायक्रॉन आकाराचे किमान ९९.९७ टक्के कण अडविणारी अशी आहे; युरोपातील एच १३ वर्गाची मर्यादा ९९.९५ टक्के आहे. 'हेपासारखी' किंवा 'हेपा-प्रकारची' या शब्दांना असा कोणताही ठरलेला अर्थ नाही. गाळणी उत्तम असूनही झाकणाची रबरी कडा सैल असेल, तर हवा सोपी वाट शोधते व धूळ फटीतून बाहेर पडते. दुकानात यंत्र चालू करून नळीचे तोंड हाताने झाकावे आणि सांध्यांतून सूं-सूं आवाज येतो का हे ऐकावे. झाकण व गाळणी बसविण्याची जागा हाताने तपासावी.

पिशवी की डबा. पिशवीमुळे धूळ न उडता टाकता येते. मात्र नव्या पिशव्यांचा खर्च चालू राहतो. डब्याच्या यंत्रात तो खर्च वाचतो, पण डबा रिकामा करताना धूळ उडते आणि गाळणी वारंवार धुवावी लागते. घरात दमा किंवा ॲलर्जीचा रुग्ण असल्यास बंद पिशवीचे यंत्र बरे. व्हॅक्यूम क्लीनर हा दम्यावरील उपचार मात्र नव्हे.

सुटे भाग व सर्व्हिस सेंटर. युरोपीय संघाने २०१७ पासून मोटार किमान ५०० तास चालावी आणि नळी ४०,००० वेळा वाकविली तरी टिकावी, अशी अट घातली. आठवड्यातून दोनदा २० मिनिटे यंत्र वापरल्यास वर्षाला सुमारे ३५ तास होतात. या हिशेबाने ५०० तासांची मोटार १४ वर्षे पुरते. प्रत्यक्षात यंत्र अडगळीत जाते ते बहुधा मोटारीमुळे नव्हे, तर फाटलेली नळी, न मिळणारी गाळणी, तुटलेली खिट्टी किंवा दम संपलेली बॅटरी यांमुळे. म्हणून खरेदीपूर्वी नळी, गाळणी, पिशवी व कार्बन यांच्या किमती आणि ते कोठे मिळतात हे विचारणे आवश्यक आहे. जामनेरहून जळगाव सुमारे ३५ ते ४० किलोमीटर आहे. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या ग्राहकाने कंपनीचा माणूस घरी येतो की यंत्र घेऊन जावे लागते, आणि येण्याचे पैसे वॉरंटीत धरले आहेत का, हे बिलापूर्वीच स्पष्ट करून घ्यावे.

बॅटरी. लिथियम-आयन बॅटरीची क्षमता वापराने व उष्णतेने घटत जाते. खान्देशच्या उन्हाळ्यात ती पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हात चार्ज करणे हानिकारक आहे. बॅटरी सुटी मिळत नसेल, तर तिचे आयुष्य तेच यंत्राचे आयुष्य ठरते.

विजेची जोडणी. २३० व्होल्टवर १,२०० वॅटचे यंत्र सुमारे ५.२ अँपिअर आणि १,६०० वॅटचे सुमारे ७ अँपिअर प्रवाह घेते. दुसरे यंत्र ६ अँपिअरच्या लहान सॉकेटवर चालविणे धोक्याचे असून त्यासाठी १६ अँपिअरचे सॉकेट लागते. दोन पिनांच्या यंत्रावर एका चौकोनात दुसरा चौकोन ही दुहेरी विद्युतरोधनाची खूण असावी.

खर्चाचा हिशेब

विजेचा खर्च निवडीत फारसा निर्णायक नसतो. १,२०० वॅटचे यंत्र २० मिनिटे चालविल्यास ०.४ युनिट लागते. महिन्यात आठ वेळा वापरल्यास ३.२ युनिट होतात. खरा फरक वर्षागणिक खर्चात पडतो. उदाहरणादाखल, ५,००० रुपयांचे यंत्र नळी न मिळाल्याने दोन वर्षांत निकामी झाले, तर वर्षाला २,५०० रुपये पडतात. ९,००० रुपयांचे यंत्र दरवर्षी ६०० रुपयांच्या पिशव्या-गाळण्या घेऊन आठ वर्षे चालले, तर एकूण १३,८०० रुपये, म्हणजे वर्षाला १,७२५ रुपये होतात. महाग यंत्र आपोआप टिकाऊ ठरते असा याचा अर्थ नाही. टिकण्याची साधने उपलब्ध असणे ही त्यामागची अट आहे.

देखभाल

पिशवी काठोकाठ भरण्यापूर्वीच बदलावी. धुता येणारी गाळणी सावलीत पूर्ण वाळल्याशिवाय बसवू नये. ओलसर गाळणीत बुरशी धरते व मोटारीला धोका पोहोचतो. सिमेंट, भिंत घासल्यानंतरची भुकटी, चुलीतील किंवा अगरबत्तीची गरम राख साध्या यंत्राने ओढू नये. भुकटीने गाळणी चोंदते आणि राखेतील निखाऱ्याने पिशवी पेटू शकते. कोरड्या यंत्राने पाणी ओढल्यास विजेचा धक्का बसण्याची शक्यता असते. यंत्र चालता चालता बंद पडल्यास ते बहुधा अतितापरक्षक कळ सुटल्यामुळे असते. अशा वेळी वायर काढून, नळी व पिशवी तपासून, यंत्र थंड होऊ द्यावे.

ग्राहकाचे हक्क

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा २० जुलै २०२० पासून अमलात आला. त्यानुसार ग्राहकाला स्वतःच्या निवासाच्या जिल्ह्यातील आयोगाकडे तक्रार करता येते. विक्रेत्याच्या किंवा कंपनीच्या गावी जावे लागत नाही. त्यामुळे दूरच्या शहरातून किंवा ऑनलाइन मागविलेल्या यंत्राबाबतही जामनेरच्या ग्राहकाला जळगाव जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून मुदत दोन वर्षांची असून, वस्तूसाठी दिलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. तत्पूर्वी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावरील संकेतस्थळ सुरू केले.

या सर्व ठिकाणी पक्के बिल, दुकानाचा शिक्का व तारीख असलेले वॉरंटीपत्र आणि दुरुस्तीच्या वेळी मिळालेल्या पावत्या हाच मुख्य पुरावा असतो. दारावर किंवा प्रदर्शनात खरेदी करताना दिली जाणारी तोंडी आश्वासने, विशेषतः वार्षिक देखभाल कराराबाबतची, बिलावर लिहून घेणे हितावह ठरते.