आधी एक चौकोन, मग पट्ट्या

मैत्रिणींनो, गोधडी आपल्याकडे घरोघरी असते. आज अशाच गोधड्यांच्या एका दूरच्या गावाची गोष्ट ऐकू या.

अमेरिकेत अलाबामा नदीच्या वळणात जीज बेंड नावाचं गाव आहे. वस्ती कृष्णवर्णीयांची, त्यांचे पूर्वज इथे गुलाम म्हणून राबले. शेतात कापूस पिकायचा, पण थंडीत घरात पांघरूण पुरत नसे. मग बायका विटलेल्या कपड्यांचे तुकडे घेऊन बसत. आधी आखणी नाही. मधे एक चौकोन ठेवायचा, भोवती पट्ट्या जोडत जायचं. एक रंग संपला की हाती येईल तो दुसरा.

१९६० च्या दशकात मतदार यादीत नाव घालायला गेलेल्यांची कामं गेली, काहींची घरंही गेली. नदीवरची फेरीबोट १९६२ मध्ये बंद झाली. तरी १९६६ मध्ये या भागातल्या बायकांनी गोधड्यांची सहकारी संस्था काढली आणि स्वतःच्या कमाईचा पैसा हाती आला. २००२ मध्ये जीज बेंडच्या गोधड्या ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात लागल्या, शिवणाऱ्यांच्या नावांसह.

आपल्या गोधडीवर कुणाचं नाव असतं? पुढची शिवाल, तेव्हा एका कोपऱ्यात दोऱ्यानं आपलं नाव घाला.