पडदे सोडल्यानंतर

मावळातलं दहा गुंठ्यांचं गुलाबाचं पॉलिहाऊस. साडेसहा हजार झाडं, लाल टॉप सीक्रेट. ३० जानेवारीला इथल्या फुलांची पेटी दूरच्या बाजारात उघडेल आणि पाकळ्यांवर तपकिरी ठिपके निघतील. ते ठिपके बोट्रायटिसचे, म्हणजे करड्या बुरशीचे. बुरशी फुलात शिरली ती २५ जानेवारीच्या रात्री.

ही नोंद कुणा एका शेतकऱ्याची नाही. हिवाळ्यात अनेक शेडांत वेगवेगळ्या रात्री जे घडतं, ते इथे एका रात्रीत लावलं आहे.

२५ जानेवारी, दुपारी १२.३०
बेडांमधल्या वाटेवर तोडलेली पानं आणि गळलेल्या पाकळ्या पडून आहेत. उत्तरेच्या कडेला त्यातल्या काहींवर राखाडी लव आली आहे. सगळं गोळा करून शेडबाहेर न्यायचं, असं सोमवारपासून ठरलेलं आहे. माणसं कमी आहेत आणि उद्यापासून व्हॅलेंटाइनची तोडणी सुरू होते. कचरा परवावर जातो.

दुपारी ४.२०
पंपाला सकाळी वीज नव्हती, ती आत्ता आली. सकाळचं ठिबक आत्ता चालू होतं. झाडामागे अर्धा लिटर, म्हणजे एकूण सव्वातीन हजार लिटर. सकाळी दिलेलं पाणी झाड उन्हात ओढून घेतं आणि त्याची वाफ दिवसभर बाजूंनी निघून जाते. आत्ता दिलेलं पाणी रात्रभर बेडमध्ये राहणार.

सायंकाळी ५.१५
बाजूचे पडदे खाली सोडले. रोज सूर्यास्ताच्या सुमारास सोडतात, आज तासभर आधी. आदल्या रात्री पारा १० अंशांवर गेला होता. डिसेंबरात छाटणी केली की साधारण ४५ ते ५० दिवसांनी कळी तोडायला येते. थंडी वाढली की कळी रेंगाळते, आणि फेब्रुवारीचा पहिला आठवडा चुकला की परदेशी बाजार हुकतो. ऊब राखायची म्हणून गेल्या आठवड्यात छताच्या व्हेंटवरही जुनं प्लास्टिक बांधलं आहे. वर्षभराचं गणित ज्याचं या दहा दिवसांवर उभं आहे, त्याला या निर्णयाबद्दल दोष देणं मला जमत नाही. पण शेड आता सगळीकडून बंद आहे.

सायंकाळी ६.००
आत २४ अंश, आर्द्रता ७० टक्के. वहीत आकडा लिहिला जातो. ७० हा आकडा कुणाला खटकत नाही.

आर्द्रतेची टक्केवारी फसवते ती इथेच. २४ अंशांची हवा घनमीटरला जेमतेम २२ ग्रॅम वाफ धरू शकते. ७० टक्के म्हणजे त्यातले १५ ग्रॅम. हीच हवा १८ अंशांवर आली की ते १५ ग्रॅम म्हणजे १०० टक्के होतात. त्यासाठी पाण्याचा एक थेंबही वाढावा लागत नाही, फक्त गारठा लागतो.

पडद्याच्या बाहेर याच वेळी २२ अंश आणि ३५ टक्के आहेत. तिथल्या घनमीटरभर हवेत ७ ग्रॅमसुद्धा वाफ नाही. ती हवा आत असती, तर पहाटे १२ अंशांवरही दव धरलं नसतं. ती मिळवायला पडदे थोडा वेळ वर करायचे होते. आतली ऊब थोडी गेली असती, तिच्याबरोबर दमट हवाही गेली असती. पडदे बंदच राहतात.

सायंकाळी ६.२५
सूर्यास्त. आभाळ निरभ्र. छताचा कागद आपली उष्णता उघड्या आकाशात सोडतो आणि हवेच्या आधी थंड होतो.

रात्री ८.४०
कागदाच्या आतल्या बाजूला घाम धरतो. नळ्यांच्या सांध्यांवरून पहिले थेंब बेडवर पडतात. हवेतली वाफ कागदावर जाते आणि ओल्या बेडांमधून तेवढीच पुन्हा वर येते.

रात्री ९.३०
आत १८ अंश. पाकळ्यांवर दव. जाळीच्या कॅपमध्ये बसलेल्या कळ्या सर्वांत आधी ओल्या होतात, कारण कॅप ओल धरून ठेवते. वाटेवरच्या कचऱ्यातले बीजाणू दुपारीच त्यांच्यावर येऊन बसले आहेत. त्यांना रुजायला पाणी हवं होतं.

मध्यरात्रीनंतर २.४०
राखणदार फेरीवर येतो. दाराशी ओला-सुका थर्मामीटर आहे. दोन्ही नळ्यांत सारखाच आकडा, १४. म्हणजे आर्द्रता १००.

पण वात सुकली की दोन्ही नळ्या अशाच सारख्या दिसतात, आणि गेल्या पंधरवड्यात ती तीनदा सुकलेली सापडली होती. तो मालकांना फोन लावतो.

“मालक, मशीनच्या वातीचं पाणी संपलंय वाटतं.”

“असू दे. सकाळी भरू.”

वाटीत पाणी होतं. बॅटरी खाली धरली असती तर दिसलं असतं. या रात्रीत शेडनं दिलेली सगळ्यांत स्पष्ट सूचना ही होती.

पहाटे ५.००
१२ अंश. शेडची पोकळी सुमारे पाच हजार घनमीटर. संध्याकाळपासून हवेनं निव्वळ गारठ्यामुळे टाकलेलं पाणी २२ लिटरच्या आसपास. बेडमधून निघालेलं वेगळं. पाकळ्या साडेसात तास सलग ओल्या आहेत. बोट्रायटिसला १५ ते २० अंश मानवतात, थंडीत तो फक्त सावकाश होतो. बीजाणूला फुटलेला तंतू पाकळीच्या कातडीतून आत जातो.

२६ जानेवारी, सकाळी ७.०९
सूर्योदय. आता सुकेल, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात पुढचे दोन तास रात्रीइतकेच वाईट. ऊन लागताच हवा भराभर तापते, पानं वाफ सोडू लागतात, बेड वाफाळतात. कळी मात्र घट्ट आणि पाण्यानं भरलेली, ती हळू तापते. गरम दमट हवा थंड कळीला भिडते आणि नवं दव धरतं. म्हणून पडदे उजाडताच, शेड तापायच्या आत, थोडे थोडे उघडायचे असतात.

पडदे गुंडाळणारा मुलगा झेंडावंदनाला गेला आहे. थंडी आहे, आला की उघडेल, असं ठरलं.

सकाळी ७.३०
तोडणी सुरू. कळ्या ओल्या आहेत. बायका कॅप काढताना पाणी झटकतात. एक जण विचारते, थोडं सुकू द्यायचं का? गाडी चार वाजता निघणार आहे. तोडणी चालू राहते.

सकाळी ९.२०
मुलगा परततो. पडदे एका दमात वर जातात. कोरडी हवा आत घुसते, आर्द्रता झपाट्यानं उतरते. कचऱ्यावरच्या बुरशीचे बीजाणू सुटतात ते अशाच वेळी. वाऱ्याच्या झुळकीबरोबर ते उद्याच्या कळ्यांवर बसतात.

सकाळी ११.००
१,२०० फुलं, विसाचा एक गुच्छ, असे ६० गुच्छ. ग्रेडिंगच्या टेबलावर एकही फूल बाजूला पडत नाही. पाकळी लाल, कळी घट्ट, दांडा सरळ. कोल्ड स्टोअर २ ते ४ अंशांवर आहे. या तापमानाला फूल थांबतं, बोट्रायटिस थांबत नाही.

दुपारी ४.००
गाडी मुंबईच्या विमानतळाकडे निघते.

३० जानेवारी, सकाळी ११.२०
मालकांच्या फोनवर फोटो येतो. उघडलेली पेटी, बाहेरच्या पाकळ्यांवर टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके, दोन गुच्छांत कळीच्या बुडाशी करडी लव. पूर्ण पेटी नाकारली आहे. त्यानंतरच्या तीन दिवसांच्या तोडणीचे २०० गुच्छ तोवर निघून गेले होते. त्यांच्याही कळ्या २५ च्या रात्री याच शेडमध्ये होत्या.