रक्तातील जैवचिन्हके (फुप्फुसविकार)

दीर्घकालीन फुप्फुसविकारांच्या निदानास वा उपचारास साहाय्यभूत ठरणाऱ्या, रक्तात मोजता येणाऱ्या घटकांना जैवचिन्हके अथवा बायोमार्कर म्हणतात. केवळ त्यांवरून सीओपीडीचे निदान होत नाही. त्यासाठी स्पायरोमेट्री ही श्वसनचाचणी आवश्यक असते. सीओपीडीच्या रुग्णाच्या रक्तात इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी प्रति मायक्रोलिटर ३०० किंवा अधिक असल्यास श्वासावाटे घ्यावयाच्या स्टेरॉइडचा लाभ होण्याची शक्यता वाढते. अल्फा-१ अँटिट्रिप्सिन या प्रथिनाची आनुवंशिक कमतरताही रक्ततपासणीने कळते.

क्षयरोगाच्या प्रतिपिंड-आधारित रक्तचाचण्यांमुळे निरोगी व्यक्ती रुग्ण ठरत व खरे रुग्ण निसटत. म्हणून भारत सरकारने २०१२ साली त्यांवर बंदी घातली. फुप्फुसाच्या क्षयाच्या निदानात थुंकीची तपासणी महत्त्वाची आहे.